हाइनर ब्रांड: खेळाडू म्हणून मोठा की कोच म्हणून?

कोलनकर
नमस्कार मंडळी,
हा धागा काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं, काल पोराच्या मॅचला बसलो असताना ठरवलं की आज लिहायचंच. आम्ही राहतो ते गाव कोलोनच्या पूर्वेला, गुमर्सबाखच्या जवळ. सगळा डोंगराळ भाग, पाऊस भरपूर, आणि इथे शनिवार-रविवार म्हणजे फुटबॉल नाही तर हॅन्डबॉल. मुलगा नऊ वर्षांचा, दोन वर्षांपासून गावच्या क्लबात जातो. तिथे प्रत्येक मॅचला दोन आजोबा येतात, थर्मासमधून कॉफी आणतात आणि दर वेळी त्यांचं एकाच विषयावरून वाजतं. हाइनर ब्रांड १९७८ चा मोठा की २००७ चा?

ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रांड याच गुमर्सबाखचा, जन्म २६ जुलै १९५२. क्लाउस आणि योखेन हे भाऊपण हॅन्डबॉलवालेच, घरातच टीम. सगळी खेळाडूची कारकीर्द एकाच क्लबात, व्हीएफएल गुमर्सबाख. सहा वेळा जर्मन चॅम्पियन, १९७४ आणि १९८३ ला युरोपियन कप. देशासाठी १३१ सामने, २३१ गोल, आणि १९७८ ला कोपनहेगनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन. मग कोच. १९९७ ते २०११ अशी चौदा वर्षं जर्मनीच्या टीमचा कोच, २००४ ला युरोपियन चॅम्पियन, त्याच वर्षी अथेन्स ऑलिम्पिकचं रौप्य, आणि २००७ ला घरच्या मैदानावर पुन्हा वर्ल्ड चॅम्पियन.

आता तुम्ही सांगा. मला स्वतःला अजून ठरवता आलेलं नाही म्हणून विचारतोय. आणि ज्यांनी आपल्याकडे हॅन्डबॉल खेळलाय त्यांनी तर नक्की लिहा.

रानवारा
कोलनकर, छान धागा. पण आधी एक सांगा, हॅन्डबॉल म्हणजे नक्की काय? शाळेत "हॅन्डबॉल!" अशी आरोळी फुटबॉल खेळताना ऐकली आहे तेवढीच :)

कोलनकर
@रानवारा, बरोबर प्रश्न. चाळीस बाय वीस मीटरचा हॉल, प्रत्येक बाजूला सात जण, त्यातला एक गोलकीपर. तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ. गोलपोस्टसमोर सहा मीटरवर एक डी असतो, त्यात फक्त गोलकीपरने पाय ठेवायचा. मग बाकीचे काय करतात, तर रेषेच्या बाहेरून उडी मारतात आणि हवेत असतानाच बॉल मारतात, खाली पडेपर्यंत बॉल गेलेला असतो. बॉल घेऊन तीन पावलं, हातात तीन सेकंद, त्याच्या वर नाही. मोठा फाउल केला तर दोन मिनिटं बाहेर बसायचं. एका मॅचमध्ये एकेका टीमचे पंचवीस-तीस गोल होतात त्यामुळे फुटबॉलसारखं नव्वद मिनिटं वाट बघणं नाही.

आणि हाताला राळ लावतात! खरी चिकट राळ, डब्यातून बोटाने काढून. बॉल एका हातात पकडता यावा म्हणून. आमच्याकडे लहान मुलांना परवानगी नाही पण मोठ्यांच्या प्रॅक्टिसनंतर तोच बॉल पोरं उचलतात आणि मग ती राळ दप्तराला, गाडीच्या दाराला, डोक्याच्या केसांना. बायको वैतागली आहे. कोणाकडे उपाय असेल तर तोही लिहा.

सातमीटर
वा, हॅन्डबॉलवर धागा! मी विदर्भातला, कॉलेजात असताना विद्यापीठाकडून खेळलोय. आमचं मैदान मातीचं, सकाळी पीटीचे सर स्वतः चुना घेऊन डी आखायचे, एक खुंटी रोवून तिला सहा मीटरची सुतळी बांधून कंपाससारखं फिरवायचे. मी मधल्या डिफेन्समध्ये उभा राहायचो. म्हणून माझं मत पहिल्यापासून ठरलेलं आहे. खेळाडू ब्रांड मोठा.

का ते सांगतो. गोल मारणाऱ्याचं नाव पेपरात येतं. ब्रांड मूळचा डिफेन्सचा माणूस आणि अटॅकमध्ये पिव्हट. पिव्हट म्हणजे समोरच्या टीमच्या डिफेन्समध्येच घुसून, त्यांच्याकडे पाठ करून, दोन जणांच्या मध्ये रेटून उभा राहणारा. त्याला धक्के, कोपर, जर्सी ओढणं सगळं मिळतं, बॉल मिळतो दहातून दोनदा. आणि डिफेन्समध्ये मधल्या दोघांनी सतत बोलायचं असतं, "आला, तुझा, सोडला, मी घेतला". मधला गप्प झाला की भिंत पडली. माझ्या उजव्या करंगळीचं हाड अजून वाकडं आहे ते अशाच एका ब्लॉकमुळे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

१९७८ ची फायनल सोव्हिएत युनियनशी होती, २०-१९. एका गोलाची मॅच. त्या काळच्या सोव्हिएत टीमला १९ वर थांबवणं म्हणजे काय ते डिफेन्समध्ये उभ्या राहिलेल्यालाच कळेल.

मिशीवाले_काका
तुम्ही लोक गोल आणि डिफेन्स काय घेऊन बसलात, फोटो पाहिलात का त्यांचा? काय मिशी आहे! ओठ दिसतच नाहीत. आमच्या कोल्हापुरात असते तर मिशीसाठी वेगळा सत्कार झाला असता.

अपर्णा_आखेन
@मिशीवाले_काका, ती मिशी म्हणजे खरंच एक गोष्ट आहे. २००७ ला कप जिंकल्यावर पूर्ण टीम बक्षीस घ्यायला वर चढली ती खोट्या मिशा चिकटवून! सगळ्यांच्या नाकाखाली तीच ब्रांडची झुपकेदार मिशी. आणि ते स्वतः त्या पोरांच्या मधे उभे, डोळे भरलेले.

मी तेव्हा आखेनला मास्टर्स करत होते. जर्मनीत येऊन चारच महिने झाले होते, भाषा धड येत नव्हती. ४ फेब्रुवारी, रविवार. होस्टेलच्या किचनमध्ये कोणीतरी जुना टीव्ही आणून ठेवला होता, फ्रिजवर. मी खिचडी टाकायला गेले होते आणि तिथे वीस-बावीस पोरं-पोरी बसलेली, काही सिंकच्या कट्ट्यावर. कुकर लावू दिला त्यांनी पण म्हणाले शिट्टी झाली तर आवाज ऐकू येत नाही. मग मी गॅस बारीक केला आणि बसले, आणि उठलेच नाही.

जर्मनी विरुद्ध पोलंड, कोलोनच्या अरेनात, एकोणीस हजार लोक. खरी गंमत म्हणजे याच पोलंडने आधी ग्रुपमध्ये जर्मनीला २७-२५ ने हरवलं होतं. आणि पोलंडचा कोच होता बोगदान वेंटा, जो पूर्वी ब्रांडच्याच हाताखाली जर्मनीकडून खेळलेला, सिडनी ऑलिम्पिकला. म्हणजे गुरु एका बाकावर, शिष्य दुसऱ्या. हाफटाइमला १७-१३ होते, मग पोलंड अगदी जवळ आला, आणि त्यातच जर्मनीचा गोलकीपर हेनिंग फ्रिट्झ पायाला धरून खाली बसला. किचनमध्ये एकदम शांतता. त्याच्या जागी योहानेस बिटर आला, आणि आल्या आल्या बॉल अडवायला लागला. शेवटी २९-२४.

माझ्या शेजारी बसलेल्या मुलाने मला मिठी मारली, ज्याच्याशी त्याआधी मी फक्त "हालो" बोलले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी इथे राहते. म्हणून माझं मत २००७. अजून विचार करायची गरज नाही मला.

(खिचडी खाली लागली होती पण सगळ्यांनी खाल्ली.)

रानवारा
अपर्णाताई, काय लिहिलंय! किचन डोळ्यासमोर आलं.

नीरक्षीर
सगळे भारावून लिहितायत म्हणून दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. मी फ्रान्समध्ये राहतो, तिथे २००७ बद्दल विचारून बघा. सेमीफायनल जर्मनी-फ्रान्स, दोन वेळा एक्स्ट्रा टाइम, ३२-३१. शेवटच्या क्षणी फ्रान्सने बरोबरीचा गोल मारला होता, पंचांनी तो दिला नाही. इथे अजून त्या शिट्टीबद्दल लोक चिडून बोलतात. घरचं मैदान, घरचा आरडाओरडा, याचा वाटा किती?

दुसरं म्हणजे २००७ नंतर काय झालं? २००८ बीजिंगला ग्रुपमधूनच बाहेर. २०१० च्या युरोपियन चॅम्पियनशिपला दहावे. २०११ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला अकरावे, जर्मनीसारखा देश. त्यानंतर त्यांनी सोडलं. कोचचं मोजमाप करायचं तर पूर्ण चौदा वर्षांचं करा, एका रविवारचं नको.

कोलनकर
@नीरक्षीर, राग कसला, असाच प्रतिसाद हवा होता. पण चौदा वर्षं मोजायची तर सुरुवातीपासून मोजू.

ब्रांडने टीम हातात घेतली तेव्हा जर्मनी १९९७ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला पात्रसुद्धा ठरली नव्हती. ज्या देशात हा खेळ रुजला, वाढला तो देश घरी बसून टीव्हीवर बघत होता. तिथून १९९८ ला युरोपचं कांस्य. २००० ला सिडनीला क्वार्टरफायनलमध्ये स्पेनशी एका गोलाने हार, २७-२६. २००२ ला युरोपियन फायनल, स्वीडनविरुद्ध, त्यांच्याच स्टॉकहोममध्ये. नियमित वेळ संपता संपता फ्लोरिआन केअरमानने मारलेला गोल पंचांनी दिला नाही आणि एक्स्ट्रा टाइममध्ये ३३-३१ ने हरले. म्हणजे फ्रान्सचा गोल जसा गेला तसा यांचाही गेलेला आहे, पाच वर्षं आधी, परक्याच्या घरात. २००३ ला वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल, लिस्बनला, क्रोएशियाकडून ३४-३१. मग २००४ ला स्लोव्हेनियाला त्यांच्याच ल्युबल्यानात हरवून युरोपचा कप, ३०-२५. तिथे घरचा आरडाओरडा समोरच्यांचा होता, हे पण धरा.

सातमीटर
+१. आणि अथेन्सची स्पेनविरुद्धची क्वार्टरफायनल विसरू नका, दोन एक्स्ट्रा टाइम होऊनही निकाल नाही, मग सात मीटरच्या थ्रोवर, म्हणजे हॅन्डबॉलच्या पेनल्टीवर गेली. फ्रिट्झने त्यात जे अडवलं ते मी अजून अधूनमधून बघतो. एका वेळी एक जण सात मीटरवर उभा, हात मागे, आणि गोलकीपर दोन पावलं पुढे येऊन हातपाय पसरतो, पतंगासारखा. त्याच वर्षी जगातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली, गोलकीपरला तो मान मिळायची पहिलीच वेळ. डिफेन्सवाल्या कोचच्या टीमचा गोलकीपर जगात पहिला येतो यात मला तरी नवल वाटत नाही. समोरची भिंत नीट असली की गोलकीपरला बॉल कुठून येणार ते आधी कळतं.

दिगंत
छोटी दुरुस्ती. काही ठिकाणी "खेळाडू आणि कोच म्हणून वर्ल्ड चॅम्पियन झालेला एकमेव" असं छापून येतं. पहिला होता, हे खरं. आता एकमेव नाही. २०१७ ला फ्रान्स जिंकलं तेव्हा कोच दिदिए दिनार आणि गिओम जील होते, दोघेही खेळाडू म्हणून वर्ल्ड चॅम्पियन झालेले. फुटबॉलमध्ये झागालो, बेकेनबाउअर, देशाँ. पण जर्मनीत बेकेनबाउअरला जी जागा आहे ती हॅन्डबॉलमध्ये ब्रांडला, हे मात्र कबूल.

नीरक्षीर
@दिगंत, चांगली माहिती. @कोलनकर, २००२ च्या गोलाचं मला माहीत नव्हतं, मुद्दा मान्य. २००८ नंतरचा माझा मुद्दा मात्र तसाच आहे.

घाटावरचा
थोडं अवांतर. २०२३ ला जयपूरला प्रीमियर हॅन्डबॉल लीग झाली, पहिला सीझन, आणि जिंकलं कोण? महाराष्ट्र आयर्नमेन! आमच्या घरात त्यावेळी सगळ्यांनी मिळून बघितली, आजी तर म्हणाली हे कबड्डी आणि बास्केटबॉलचं लग्न लावलंय. मला ते वाक्य फार पटलं. दम कबड्डीचा, अंगावर अंग घेणं कबड्डीचं, फक्त हातात बॉल.

मग आपल्याकडे हा खेळ वाढत का नाही? कबड्डीची ताकद असलेली पोरं गावोगाव आहेत.

सातमीटर
@घाटावरचा, आजींना नमस्कार सांगा. वाढत नाही कारण हॉल नाहीत. मातीवर बॉल उसळतो वेडावाकडा आणि उडी मारून पडलं की गुडघे सोलतात, त्यामुळे पोरं उडीच मारत नाहीत, आणि उडी नाही तर हॅन्डबॉल नाही. आमच्या वेळी स्पर्धेला गेलं की पहिल्यांदा सिमेंटचं कोर्ट दिसायचं, ते तर मातीपेक्षा वाईट.

मृण्मयी_सप्रे
@नीरक्षीर, तुमच्या २००८ नंतरच्या मुद्द्याबद्दल. मी जर्मनीत नाही पण नवऱ्यामुळे बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीतल्या क्लबांची लीग, बघते. ब्रांड त्या सगळ्या वर्षांत एकच ओरडत होते की क्लबवाले जर्मन पोरांना खेळवत नाहीत. बुंडेसलिगा जगातली सगळ्यात तगडी लीग, पैसा तिथे, म्हणून डेन्मार्क, स्वीडन, फ्रान्स, क्रोएशिया, आइसलँड सगळीकडचे तयार खेळाडू तिथे येतात. क्लबला शनिवारी जिंकायचंय, एकोणीस वर्षांच्या पोराला चुका करायला वीस मिनिटं कोण देणार? मग ते पोरगं बाकावर बसून बसून पंचविशीला येतं, आणि जानेवारीत नॅशनल कोचला म्हणायचं आता वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकून दाखव.

आपल्याकडे आयपीएलमध्ये अकरा जणांत चारच परदेशी हा नियम आहे म्हणून निदान सात जागा आपल्या पोरांच्या असतात. तिथे तसं नव्हतं. ब्रांडचं क्लबांशी यावरून वाजलं, भरपूर वाजलं, आणि माझ्या मते ते बरोबर होते.

दिगंत
पण मग क्लबची बाजू? क्लब स्वतःचा पैसा घालतो, कर भरतो, हॉल भरवतो. त्याने देशासाठी स्वतःच्या मॅच का हराव्यात? आणि जगातल्या भारी खेळाडूंसोबत रोज प्रॅक्टिस करूनच तर जर्मन पोरं तयार होतात. युर्गन क्लिन्समनच्या फुटबॉल टीमलाही तोच प्रश्न होता.

मृण्मयी_सप्रे
@दिगंत, प्रॅक्टिस आणि मॅच यात फरक आहे. स्वयंपाक बघून शिकता येतो का? तव्याला हात लागल्याशिवाय पोळी गोल होत नाही.

अपर्णा_आखेन
मृण्मयी +१००

तांबडी_माती
वाचतोय, मजा येतेय. एक शंका, इतक्या शांत दिसणाऱ्या माणसाला कधी राग यायचा का?

कोलनकर
@तांबडी_माती, यायचा की! २००९ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये नॉर्वेकडून एका गोलाने हरले तेव्हा मॅच संपल्यावर मूठ आवळून पंचांच्या अंगावर धावून गेले होते. पूर्ण जर्मनीने ते दृश्य परत परत पाहिलं. मला त्यांचं तेव्हाचं वागणं पटत नाही, पोरं बघत असतात. आमच्या क्लबात आठ वर्षांच्या मुलाने पंचाला काही बोललं तर त्याचे कोच त्याला बाहेर बसवतात.

पण दुसरं उदाहरणही सांगतो. श्टेफान क्रेत्श्मार म्हणून डावा विंगर होता. अंगभर टॅटू, नाकात रिंग, केस रोज वेगळ्या रंगाचे, पूर्व जर्मनीतून आलेला, आई तीनदा वर्ल्ड चॅम्पियन. आणि कोच कोण तर गुमर्सबाखचा, एका गावात, एका क्लबात आयुष्य काढलेला मिशीवाला. लोकांना वाटलं यांचं दोन महिने पटणार नाही. ब्रांडने त्याला वर्षानुवर्षं खेळवलं, केस कापायला सांगितलं नाही. डिफेन्समध्ये परत धावतोस ना, मग झालं.

रेवती_फिजिओ
हा धागा तीन दिवसांपासून वाचतेय आणि मला वाटलं कोणीतरी योखिम डेकार्मबद्दल लिहील. कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मेंदूला मार लागलेल्या पेशंटबरोबर काम करते, डेकार्मचं नाव मला हॅन्डबॉलमुळे नाही तर कामामुळे कळलं.

योखिम डेकार्म, मूळचा झारब्र्युकेनचा, गुमर्सबाखला ब्रांडच्याच टीममध्ये. १९७८ च्या वर्ल्ड चॅम्पियन टीममधला सगळ्यात मोठा खेळाडू तोच होता, १०४ सामन्यांत ३८१ गोल. ब्रांडचे १३१ सामन्यांत २३१, यावरून अंदाज करा. वर्ल्ड कपनंतर एकच वर्ष गेलं. ३० मार्च १९७९, हंगेरीतलं तताबान्या, कप विनर्स कपची सेमीफायनल. डेकार्म बॉलमागे धावताना समोरच्या खेळाडूला धडकला आणि डोक्यावर पडला. हॉलची जमीन काँक्रीटची होती, वर फक्त पातळ आवरण. @सातमीटर, तुम्ही सिमेंटच्या कोर्टबद्दल लिहिलंत तेव्हा मला हेच आठवलं.

१३१ दिवस कोमात. वय पंचवीस. उठला तेव्हा बोलणं नाही, चालणं नाही, गिळणंसुद्धा पुन्हा शिकायचं. अशा पेशंटचं रोजचं काय असतं ते सांगते, म्हणजे कळेल. आज पेला हातात धरला, उद्या तोच पेला पडतो. परवा पुन्हा धरायचा. बोटं उघडायला पाच मिनिटं लागतात आणि त्या पाच मिनिटांत आपण मदतीला हात पुढे करायचा नसतो, हे सगळ्यात अवघड. घरचे लोक मायेपोटी हात पुढे करतात आणि पेशंट तिथेच थांबतो. डेकार्मच्या बाबतीत त्याचा लहानपणीचा कोच, वेर्नर ह्युर्टर, आला आणि त्याने त्याच्याकडून करून घेतलं, वर्षानुवर्षं. खेळाडू असल्यासारखी ट्रेनिंग. तो बोलायला लागला, बुद्धिबळ खेळायला लागला, आधार घेऊन चालायला लागला.

आणि १९७८ ची टीम त्याला सोडून गेली नाही. ब्रांड आणि बाकीचे खेळाडू त्याला भेटत राहिले, त्याच्यासाठी पैसे उभे करत राहिले, चाळीस वर्षं. २०१८ ला तो गुमर्सबाखला राहायला आला, एका वृद्धाश्रमात, म्हणजे जुने मित्र जवळ. माझ्या कामात मी हे फार पाहते की पहिले सहा महिने वॉर्डच्या बाहेर गर्दी असते, फुलं, फळं, नातेवाईक. दोन वर्षांनी आई असते फक्त. चाळीस वर्षं मित्र येतात हे मी कधीच पाहिलेलं नाही.

म्हणून खेळाडू मोठा की कोच मोठा, मला सांगता येणार नाही. मला त्या माणसाबद्दल एवढंच माहीत आहे.

रानवारा
रेवतीताई, दोनदा वाचलं. काय लिहू कळत नाही.

सातमीटर
१३१ सामने आणि १३१ दिवस. हा आकडा आता डोक्यातून जाणार नाही.

रेवतीताई, आम्ही सिमेंटवर खेळायचो तेव्हा आमच्यातला एक जण असाच पाठीवर पडला होता. नशीब, डोकं वाचलं. आयोजकांपैकी कोणाकडे साधं स्ट्रेचरही नव्हतं, बाकावर झोपवून नेला. तो आज बरा आहे, दुकान चालवतो. त्याला आजच फोन केला, तुमचा प्रतिसाद वाचून. अर्धा तास बोललो.

मिशीवाले_काका
मी मिशीवरून सुरू झालो होतो. रेवतीताईंना मनापासून नमस्कार.

नीरक्षीर
रेवतीताई, धन्यवाद. फ्रान्सच्या गोलाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही :) पण २००७ च्या फोटोतले त्यांचे भरलेले डोळे अपर्णाताईंनी लिहिलेत ते आता मला वेगळे दिसतात. त्या माणसाने १९७८ चा कप कोणाबरोबर उचलला होता ते माहीत नसताना मी तो फोटो पाहिला होता.

घाटावरचा
हॉलचा मुद्दा आता मला वेगळाच कळला. आमच्या तालुक्याच्या क्रीडा संकुलात लाकडी फ्लोअरचा हॉल आहे, त्यात लग्नाच्या खुर्च्या रचून ठेवल्यात. येत्या सोमवारी जाऊन विचारतो, आठवड्यातून दोन तास मुलांना मिळतील का. @सातमीटर, मिळाले तर एक दिवस येऊन पोरांना डिफेन्स शिकवाल का? राहण्या-जेवणाची सोय आमच्याकडे.

सातमीटर
@घाटावरचा, तारीख कळवा. सुतळी आणि खुंटी घेऊन येतो.

कोलनकर
मंडळी, काल पुन्हा मॅच होती. हाफटाइमला त्या दोन आजोबांजवळ जाऊन बसलो आणि म्हटलं, आमच्या भारतातल्या लोकांनी तुमच्या भांडणावर आठवडाभर चर्चा केली. त्यांना फार मजा वाटली. कोण जिंकलं विचारलं. मी म्हटलं कोणी १९७८, कोणी २००७, आणि एकीने डेकार्मबद्दल लिहिलं. "योबद्दल?" असं म्हणून जो १९७८ वाला आजोबा आहे तो जरा वेळ गप्प बसला. मग त्याने थर्मासच्या झाकणात मला कॉफी ओतून दिली, दोन वर्षांत पहिल्यांदा. नंतर दोघं व्हीएफएलबद्दल बोलत बसले, २०१९ ला क्लब पहिल्यांदाच दुसऱ्या डिव्हिजनला घसरला तेव्हा गावात कसं सुतक असल्यासारखं होतं आणि २०२२ ला परत वर आले तेव्हा याने कशी सायकलवरून घंटी वाजवत गावभर फेरी मारली.

आता माझं उत्तर. मी कोच ब्रांड म्हणतो, आणि २००७ मुळे नाही, २००५ मुळे. अथेन्सनंतर क्रेत्श्मार, श्वार्त्झर, पेटरसन, झेर्बे, सगळे जुने एकदम गेले. २००५ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला टीम नववी आली. घरचा वर्ल्ड कप दोन वर्षांवर. पेपरवाले बोलत होते. त्याने नवी पोरं धरून ठेवली, हरली तरी. आणि २००७ च्या स्पर्धेत मध्येच पिव्हट जायबंदी झाला तर निवृत्त झालेल्या श्वार्त्झरला बोलावलं, जो टीव्हीवर बोलायला आलेला होता, त्याने कोट काढून जर्सी घातली. माणसं तयार करायची आणि गेलेली माणसं हाक मारली की परत यायची, हे दोन्ही ज्याच्याकडे होतं तो मोठा. सातमीटर, तुम्ही तुमच्या मतावर ठाम राहा, डिफेन्सवाल्याने हलू नये.

मुलाने काल पहिल्यांदा डिफेन्समध्ये मधे उभं राहायचं मागितलं. पूर्ण मॅचभर ओरडत होता, "माझा! तुझा! सोडला!" मराठीत. बाकीच्या पोरांना काही कळत नव्हतं पण भिंत उभी होती.

अपर्णा_आखेन
मराठीत!! कोलनकर, व्हिडिओ काढला असेल तर जपून ठेवा.

तांबडी_माती
राळेचा उपाय राहिलाच की. आमच्याकडे फणस चिरताना हाताला खोबरेल लावतात, चीक धरत नाही. राळेलाही तेच चालावं. आधी तेल, चोळून चोळून, मग कोरड्या फडक्याने पुसायचं, साबण शेवटी. पाणी आधी लावू नका, मग बसतेच ती.

कोलनकर
@तांबडी_माती, आत्ताच केलं. गाडीच्या दाराची राळ निघाली, केसांतली अर्धी निघालीय. बायको म्हणते यांना धन्यवाद सांग.